कोवळं ऊन, टळटळीत ऊन आणि आमच्या गच्चीचं कुलूप

गच्चीवरचा (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात डी जीवनसत्त्वाचा रिपोर्ट आला : ११. निदान २० तरी हवं म्हणतात. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पाकिटं लिहून दिली, आठवड्याला एक, अशी आठ आठवडे. मी म्हटलं, अहो, मी रोज साडेसहाला पर्वती चढतो, सातला वर कोवळ्या उन्हात बसतो, मग हे ११ कसं? ते हसले. म्हणाले, "ते ऊन मनाला चांगलं."

हे डोक्यात बसलं. घरी येऊन वाचलं. त्वचेत डी तयार होतं ते अतिनील किरणांतल्या 'बी' गटामुळे, आणि सूर्य खाली असताना हे किरण वातावरणातच अडतात. ठोकताळा असा की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की डी बऱ्यापैकी बनायला लागतं. मग एका रविवारी वॉचमनला चहा पाजून गच्ची उघडून घेतली आणि चार फुटी काठी उभी केली. आठ वाजता सावली जवळजवळ दहा फूट! काठीएवढी व्हायला पावणेदहा वाजत आले. हे एप्रिलचं झालं. जानेवारीत त्यासाठी सव्वाअकरा वाजतात (हे नुसतं गणित, काठी नाही). आणि पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आसपास; आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतं.

तर माझं म्हणणं असं, की आपण सगळं उलटं करतो. ज्या उन्हात डी नाही ते खातो आणि ज्यात आहे त्याच्यापासून सनकोट, स्कार्फ, हातमोजे घालून पळतो. लंडनला डिसेंबरात सूर्य भर दुपारी जेमतेम १५ अंशांवर येतो, त्यांनी गोळ्या खाव्यात. पुण्यात डिसेंबरातही तो ४८ अंशांवर असतो. साडेदहाला हात-पाय उघडे टाकून पंधरा-वीस मिनिटं बसलं तर काय बिघडतं?

पेठी

काही बिघडत नाही. आमच्या वाड्यात एप्रिलमध्ये वाळवणं असायची. कुरडया घालायच्या, उलटायच्या, कावळे हाकलायचे. आजी आणि दोन काकवा सकाळी नऊपासून गच्चीवर, नऊवारीचा पदर डोक्यावर, हात कोपरापर्यंत उघडे. कोणी 'सूर्यप्रकाश घेतला' नाही, तो कामातच मिळाला. आता कुरडया दुकानातून येतात आणि डी पाकिटातून.

अवांतर : नुसत्या डीने हाडं होत नाहीत, कॅल्शियम लागतं. नाचणी खा.

सनकोटवाली

मुद्दाम लॉगिन केलं.

धायरीहून डेक्कनला स्कूटरवर जाते. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. सिग्नलला थांबलं की डांबराची धग चपलेतून वर येते. धाकट्याच्या वेळी दोन्ही गालांवर वांग उठले, त्याला सहा वर्षं झाली. दर थंडीत फिके होतात, मार्च लागला की परत गडद. हौस म्हणून सनकोट घालत नाही हो कोणी. एकदा दुपारी दोन वाजता तो घालून सिंहगड रोडवर अडकून बघा.

आणि 'हात-पाय उघडे टाकून गच्चीवर' म्हणे! तुम्ही बनियनवर बसाल. मी बसले तर समोरच्या तिन्ही इमारती बाल्कनीत येतील.

हिंजवडी_फेज३

आमचा प्रश्न सोपा आहे, आम्हाला ऊन दिसतच नाही. आठला एसी कॅब, मग काचेची इमारत, परत येईतो अंधार. माझ्या टेबलावर दुपारी छान तिरीप येते. दोन वर्षं समजत होतो की डी मिळतंय. मग कळलं, काच 'बी' किरण जवळजवळ सगळे अडवते आणि 'ए' बरेचसे आत सोडते. म्हणजे रापायचं मात्र फुकट.

पण या डीच्या वेडाबद्दल मला शंका आहे. अमेरिकेत पंचवीस हजारांहून जास्त लोकांना रोज २,००० युनिट डी किंवा नुसती खोटी गोळी देऊन पाच वर्षांच्या वर पाहिलं. कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाले नाहीत. २०२४ साली तिथल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने तर सांगितलं, धडधाकट माणसाचं डी उगाच तपासत बसू नका. इथे प्रत्येक पॅकेजमध्ये ती तपासणी घुसडलेली, आणि रिपोर्टमध्ये लाल अक्षर दिसलं की घरात सुतक.

गच्चीवरचा

@हिंजवडी : ती पाहणी बहुतेक अशा लोकांवर होती ज्यांचं डी मुळात बरं होतं. भरल्या पोटाच्या माणसाला अजून एक पोळी वाढून पाहण्यासारखं ते. ११ वाल्याचं काय? शिवाय उन्हात फक्त डी नसतं. 'ए' किरणांनी त्वचेतून नायट्रिक ऑक्साइड सुटून रक्तदाब थोडा उतरतो, असं एडिंबराच्या संशोधकांनी दाखवलंय. आणि गोळीचा डोस चुकतो, उन्हाचा चुकत नाही. त्वचेत जास्तीचं झालं की उन्हातच मोडतं. आठवड्याचं पाकीट रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम वाढवून घेणारे लोक असतात, उन्हाने तसं कोणाचं होत नाही.

@सनकोटवाली : बाल्कनीचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. माफी.

त्वचेचा_दवाखाना

रोज हेच बघतो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९२ मध्ये सूर्याच्या किरणांना पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध. आपल्या सावळ्या त्वचेत तो कमी दिसतो हे खरं, मेलॅनिन मोठं काम करतं. पण तेच मेलॅनिन डीच्याही आड येतं. तुमची पंधरा-वीस मिनिटं गोऱ्या कातडीच्या देशातून आलेली आहेत. पुण्यातल्या पुरुषांवरचा २०१७ चा एक अभ्यास आहे, त्यात २० च्या वर राहायला रोज तासभर तरी मधल्या वेळचं ऊन लागत होतं. आता एप्रिल-मेच्या साडेबाराला तासभर बसा असं मी कोणाला सांगू? तेव्हा इथला अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि ११ पासून पुढे 'अतितीव्र'च म्हणतात.

दवाखान्यात येतात ते कर्करोगाचे नाही, वांगाचे, उन्हाच्या पुरळाचे, पन्नाशीत मान सत्तरीची दिसणारे. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) असलेल्या मुलीला कोणीतरी 'ऊन खा' सांगितलं आणि तिचा आजार उसळला, हेही पाहिलंय. डॉक्सीसायक्लिनसारखं औषध चालू असेल तर त्वचा नेहमीपेक्षा लवकर भाजू शकते. ऊन हे औषध म्हणत असाल तर मात्रा, वेळ, पथ्य सगळं आलं. डी कमी असेल तर पाकीट घ्या, आठवड्याला एकच. तिथे मात्रा छापलेली आहे.

पेठी

मग आमच्या आजीला तासच मिळत होता की डॉक्टर. उलट जास्तच.

त्वचेचा_दवाखाना

मिळत होता. पदरही होता, आणि वाड्याच्या भिंतीची सावली दहा पावलांवर. तोच महत्त्वाचा भाग तुम्ही सोडून देताय.

मार्केटयार्डची

वाचत होते, राहवलं नाही. आई एकतीस वर्षं रस्त्याच्या कडेला भाजी विकत होती. सकाळी आठ ते दुपारी दोन. छत्री होती, पण ती कोथिंबिरीवर. कोथिंबीर सुकली तर नुकसान, आई रापली तर काही नाही. बावन्नाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उन्हानेच झाला असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, काम उन्हातलं का? तिचं डी कोणी कधी तपासलं नाही. चांगलंच असेल!

'मर्यादित ऊन' हा शब्द ज्याला ऊन टाळता येतं त्याचाच आहे. गवंडी, चौकातला पोलीस, खडी पसरणाऱ्या बायका, यांच्यासाठी धागा निघाला तर तो सावलीचा आणि पिण्याच्या पाण्याचा निघेल.

हिंजवडी_फेज३

+१. यावर बोलायला काही नाही.

दोन_मुलांची_आई

एक वेगळाच मुद्दा. ऊन वाढलं म्हणून शाळेने खेळाचा तास वर्गात घेतला. थोरल्याला आठव्या वर्षी चष्मा. चीनमध्ये ग्वांगझौला शाळकरी मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं, तर तीन वर्षांत लांबचं अंधुक दिसू लागण्याचं (मायनस नंबर लागण्याचं) प्रमाण त्यांच्यात ३०.४ टक्के निघालं, बाकीच्या मुलांत ३९.५. काम करतो तो बाहेरचा उजेड, टळटळीत ऊनच हवं असं नाही. झाडाखाली पण चालतं. आता संध्याकाळी पाचनंतर उन्हं कलली की दोघांना तळजाईवर सोडते. डी मिळत नसेल, पाय मोकळे होतात आणि मोबाईल घरी राहतो. डीसाठी त्यांना डॉक्टरांनी दिलेले थेंब आहेत, मला त्यात कमीपणा वाटत नाही.

गच्चीवरचा

डॉक्टर, तासाचा मुद्दा मान्य. पंधरा मिनिटांचं माझं गणित उसनं होतं. एप्रिल-मेपुरतं मागे घेतो. मेच्या मध्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते तेव्हा गच्चीवर माणसाने नाही, पापडांनीच असावं. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी? साडेअकरा ते साडेबारा, टोपी घालून, पाठ उन्हाकडे करून, पेपर वाचत? त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत.

त्वचेचा_दवाखाना

कारण त्यावर भांडण नाही. माझे वडील तेच करतात. फक्त चेहरा सावलीत ठेवा, आणि त्या भरवशावर पाकिटं मध्येच बंद करू नका.

गच्चीवरचा

आज कळलेली बातमी : गच्चीला कायमचं कुलूप. सोलर पॅनेल बसवली आहेत, तेव्हा 'रहिवाशांनी विनाकारण वर जाऊ नये' अशी पाटी लागली. वॉचमन चहालाही बधत नाही.

पेठी

पॅनेलचं डी किती आलं?

सनकोटवाली

सभेत किल्ली मागाल तेव्हा एक ठराव जोडा : थंडीत दुपारी बारा ते साडेबारा गच्ची फक्त बायकांना, आणि समोरच्या बाजूने हिरवं कापड. मंजूर झालं तर कळवा, सनकोट दारातच काढून वर येते.