शांदोर कोचिश आणि बर्नचे मैदान
१९५० च्या दशकातील हंगेरीच्या गाजलेल्या फुटबॉल संघाची, म्हणजे सुवर्णसंघाची, ओळख त्याचा कर्णधार पुश्काशपासून सुरू होते, हे मत मला मान्य आहे. पण त्याच संघातील शांदोर कोचिशचा उल्लेख राहून जाऊ नये, असे मनापासून वाटते. फेरेंत्सव्हारोश आणि नंतर होन्वेद या हंगेरीतील क्लबांकडून खेळलेल्या या आघाडीवीराने देशासाठी ६८ सामन्यांत ७५ गोल केले. १९५४ च्या विश्वचषकात त्याचे ११ गोल होते आणि उपांत्य सामन्यात उरुग्वेविरुद्ध जादा वेळेत त्याने डोक्याने मारलेल्या दोन गोलांनीच हंगेरी अंतिम फेरीत पोहोचली. तेथे स्वित्झर्लंडमधील बर्नमध्ये पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३–२ असे हरवले.

१९५६ च्या हंगेरीतील उठावानंतर तो मायदेशी परतला नाही. झुरिचमध्ये काही काळ खेळून १९५८ मध्ये तो बार्सिलोना क्लबात गेला, जिथे हंगेरीकडून खेळलेला कुबाला आधीपासून होता आणि सुवर्णसंघातला त्सिबोरही आला. १९६० मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन या इंग्लिश क्लबच्या मैदानावर बार्सिलोनाकडून खेळताना त्याने एकट्याने चार गोल केले. माझ्या मते परदेशातील ही त्याची सर्वोत्तम कामगिरी होय. पुढच्याच वर्षी युरोपियन कप या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाच्या कोचिश आणि त्सिबोर या दोघांनीही गोल करूनही पोर्तुगालची बेनफिका ३–२ ने जिंकली, आणि तेही बर्नच्या त्याच मैदानावर.