विंडिशचे सुवर्ण निव्वळ नशिबाचे होते का?

बायथलॉन म्हणजे बर्फावरील स्कीइंग आणि रायफल नेमबाजी यांची एकत्र शर्यत. त्यातील इटलीचा खेळाडू डोमिनिक विंडिश याचे २०१९ चे विश्वविजेतेपद वाऱ्याच्या कृपेने मिळाले, असे एक मत मांडले गेले आहे; त्याच्याशी मी अर्धाच सहमत आहे. स्वीडनमधील ओस्टरसुंडच्या त्या मास स्टार्ट (सर्व खेळाडू एकाच वेळी निघतात अशा) शर्यतीत वाऱ्याने अनेकांची नेमबाजी बिघडवली हे खरे. परंतु दमछाक झालेली असताना, उभ्याने, ५० मीटरवरील ११५ मिलिमीटरची पाचही लक्ष्ये नेमबाजीच्या शेवटच्या फेरीत पाडणे, तेही प्रत्येक चुकीला स्कीवर १५० मीटरची जादा दंडफेरी ठरलेली असताना, याला केवळ नशीब म्हणता येणार नाही. त्याच दिवशी इटलीच्याच डोरोथिया वीररनेही महिलांची मास स्टार्ट जिंकली, हा इटलीसाठी दुग्धशर्करा योगच होता.

शिवाय २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये विंडिशने स्प्रिंटचे (खेळाडू एकेक करून निघतात अशा छोट्या शर्यतीचे) कांस्य मिळवले होते. तेथील मिश्र रिलेत (स्त्री-पुरुषांच्या संघांची शर्यत) अखेरचा टप्पा त्याच्याकडे होता. अंतिम रेषेपाशी त्याने जर्मनीच्या आर्न्ड पायफरला, म्हणजे स्प्रिंटच्या सुवर्णविजेत्यालाच, मागे टाकले. वाट अडवल्याची जर्मनीची तक्रार फेटाळली गेली आणि कांस्य इटलीकडेच राहिले. सोची २०१४ च्या मिश्र रिलेतील कांस्यपदकविजेत्या संघातही तो होता. विश्वचषक मालिकेत त्याचे वैयक्तिक विजय फारसे नाहीत, ही टीका मात्र रास्त आहे. २०२२ मध्ये तो निवृत्त झाला.