शब्दचर्चा : देव ‘शिक्षा करतो’, ‘शिक्षा देतो’ की शिक्षा ‘होते’?

प्रूफवाला (नंदुरबार)

मंडळी, छपाईसाठी एका चर्चची पुस्तिका आली आहे, रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी. त्यात ही दोन वाक्यं आहेत : ‘देवाने मनुष्याला इच्छास्वातंत्र्य दिले आहे. जो त्याचा गैरवापर करतो त्यास देव शिक्षा करतो.’ शुद्धलेखन ठीक आहे, म्हणजे खरं तर माझं काम संपलं. पण कंपोजिंगचा मुलगा वाचता वाचता म्हणाला, “ही कसली मुभा? वाटेल ते कर, पण मला वाटेल तेच कर, नाहीतर फटके!” पुस्तिका ज्यांची आहे त्यांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, शब्द सुचवा, विचार करू. म्हणून इथे विचारतो. ख्रिस्ती विचारातच इथे विरोध आहे, की तो आपल्या शब्दांमुळे दिसतो? आणि ‘शिक्षे’ला दुसरा शब्द आहे का?

जिभाऊ (साक्री)

आमच्याकडे आजी म्हणायची, देवनी काठीले आवाज नही ऱ्हास. काठी आली म्हणजे ती धरणारा हात आला. ‘शिक्षा होते’ म्हणणं ही पळवाट आहे भो. कोण करतो ते सांगा ना.

भाषामास्तर (अमळनेर)

जिभाऊंनी नेमकी जागा दाखवली. वाद नामाचा कमी आणि क्रियापदाचा जास्त आहे. तरी आधी नाम बघू.

‘शिक्षा’ हा शब्द संस्कृतातून शिकण्याच्या अर्थानेच आला. सहा वेदांगांतली पहिली ‘शिक्षा’ म्हणजे उच्चारशास्त्र. ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ धातूचं इच्छादर्शक रूप, म्हणजे ‘समर्थ व्हावंसं वाटणं’. मराठीत शिकण्याची बाजू ‘शिक्षणा’कडे गेली आणि ‘शिक्षे’कडे छडी उरली. हिंदीत तसं झालं नाही. रावेर ओलांडून बऱ्हाणपूरकडे गेलं की ‘शिक्षा विभाग’ अशी पाटी दिसते आणि मराठी पोराला हसू येतं. ‘शासन’चंही असंच आहे. गुरुजींनी केलेलं ‘शासन’ आणि मंत्रालयातलं ‘शासन’, दोन्ही आपल्याकडे सुखाने नांदतात.

आता गंमत अशी की बायबलच्या मूळ भाषांतही हाच जोड आहे. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात, प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिस्त लावतो, अशा अर्थाचं वचन आहे. तिथला ग्रीक शब्द ‘पायदेइया’ या कुळातला, म्हणजे मुलाला वाढवणं, शिकवणं, त्याला वळण लावणं. ते वचन जुन्या करारातल्या नीतिसूत्रांतून घेतलंय आणि तिथे हिब्रूत ‘मूसार’ आहे. त्याचाही अर्थ शिकवण आणि ताडन असा दुहेरी. म्हणजे जुन्या अर्थाची ‘शिक्षा’ त्या जागी अगदी चपखल बसते. मात्र आजच्या वाचकाला त्या शब्दातून शाळा दिसत नाही, तुरुंग दिसतो.

ॲरिस्टॉटलने आणखी एक भेद केला आहे : ‘कोलासिस’ ही शिक्षा ज्याला होते त्याच्यासाठी असते, ‘टिमोरिया’ ही जो करतो त्याच्या समाधानासाठी. दुसरीला आपण ‘सूड’ म्हणू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात ‘सार्वकालिक शिक्षा’ आहे, तिथे ग्रीकमध्ये ‘कोलासिस’ आहे. यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, कारण पुढच्या काळात हे दोन शब्द एकमेकांच्या अंगणात सर्रास जाऊ लागले होते.

‘दंड’ नकोच. मराठी कानाला तो पावती फाडल्यासारखा वाटतो.

केळीपट्टा (रावेर)

मास्तर, धातू मान्य. पण शिक्षा सार्वकालिक असेल तर तिच्यातून शिकणार कोण आणि कधी? शाळा कधीच सुटणार नसेल तर ती शाळा कसली?

आणि मूळ मुद्दा कुणी घेतलाच नाही. धमकीखाली केलेली निवड ही निवड असते का? आमच्या ओळखीच्या एका काकांनी ‘स्वेच्छानिवृत्ती’ घेतली. अर्जावर सही त्यांचीच. घेतली नसती तर गडचिरोली. आता त्यातली ‘स्वेच्छा’ शोधा तुम्ही.

वकील (धुळे)

केळीपट्टाभाऊंचा प्रश्न कायद्याने फार जुन्या काळी हाताळलेला आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १४ : संमती ‘मुक्त’ कधी म्हणायची? जबरदस्ती, गैरवाजवी प्रभाव, फसवणूक वगैरे काही नसेल तेव्हा. म्हणजे धमकी देऊन घेतलेली सही टिकत नाही.

पण फौजदारीत चित्र वेगळं आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ९४ नुसार, तत्काळ मृत्यूच्या धाकाखाली केलेलं कृत्य अपराध ठरत नाही, खुनासारखे अपवाद सोडून. ‘तत्काळ’ महत्त्वाचा. पुढे कधीतरी काही होईल ही भीती पुरत नाही. नरकाची भीती ‘तत्काळ’ या शब्दात बसवणं कठीण आहे.

मला याहून महत्त्वाचं वाटतं ते असं. शिक्षा करायची तर आधी अपराध्याला मोकळीक होती हे गृहीत धरावंच लागतं. वेड्याला, लहान मुलाला, झोपेत चालणाऱ्याला आपण सोडतो ते याच कारणाने. तेव्हा शिक्षा आणि इच्छास्वातंत्र्य यांचं वैर नाही, उलट शिक्षा त्याच्याच जोरावर उभी असते. कंपोजिंगच्या मुलाची गाडी अडखळली ती ‘मुभा’ या शब्दावर. मुभा म्हणजे परवानगी. परवानगी देऊन वर दंड ठोकणं हा अन्यायच झाला असता. पण वाक्यात मुभा कुठे आहे? ती त्याने घातली.

नवापूरची ताई

वकीलसाहेब, मुभेचं बरोबर पकडलंत. आमच्या घरात तिसरी पिढी ख्रिस्ती आहे, आणि रविवारच्या शाळेत आम्ही ‘इच्छास्वातंत्र्य’ हा शब्द कधी ऐकलाच नाही. आम्हाला ‘निवड’ शिकवली. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात मोशे लोकांपुढे जीवन आणि मरण ठेवतो आणि म्हणतो, जीवन निवड. दोन्ही समोर ठेवली, पण दोन्ही चालतील असं काही तो म्हणाला नाही. हाताला कुवत दिली म्हणजे प्रत्येक कामाला होकार दिला असं होत नाही.

आता जिभाऊंच्या काठीकडे येते. बायबलात काठी आहेच, मी नाही म्हणणार नाही. पण तिच्या जोडीला दुसरी भाषाही आहे. ‘पापाचे वेतन मरण आहे.’ वेतन! त्या जागी मूळ ग्रीक शब्द शिपायाच्या पगाराचा आहे. काम केलं, पगार मिळाला. गलतीकरांस पत्रात तर थेट शेतच आहे : माणूस जे पेरतो त्याचंच पीक त्याला मिळतं. इथे कोणी मारत नाही.

माझ्या मते सगळ्यात बोलकी जागा रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे. देवाचा क्रोध प्रकट होतो असं ते पत्र लिहिणारा पौल सांगतो, आणि मग त्या क्रोधाचं रूप काय, तर ‘देवाने त्यांना स्वाधीन केले’. एकदा नाही, तीनदा. कुणाच्या स्वाधीन? त्यांच्याच वासनांच्या. आग नाही, वीज नाही. तुला हेच हवं ना, घे. मास्तर, ‘स्वाधीन’ या शब्दावर तुम्ही बोलाच. संस्कृतात ‘स्वतःच्या ताब्यातला’, आणि मराठीत ‘पोलिसांच्या स्वाधीन’! माणूस स्वतःच्याच स्वाधीन होतो, हीच शिक्षा. कॅथलिक चर्चची १९९२ची धर्मशिक्षा, म्हणजे शिकवणुकीचं अधिकृत पुस्तक (कॅटेकिझम), हाच धागा धरते. पापाची शिक्षा म्हणजे देवाने बाहेरून उगवलेला सूड समजू नये, ती पापाच्या स्वभावातूनच निघते, असं तिथे आहे. नरकालाही ‘स्वतःला कायमचं बाहेर ठेवणं’ असंच म्हटलं आहे. केळीपट्टाभाऊंच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर असं येईल की दार कुणी लावलेलं नाही. मला ते अर्धंच पटतं. मेल्यावर मन बदलता येत नाही हा नियम कुणीतरी केलाच असणार ना?

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगायची आहे. आपल्या भागात कुणाचा ट्रॅक्टर उलटला, कुणाचं मूल आजारी पडलं की लगेच ‘देवाने शिक्षा केली’. ख्रिस्ती घरांतही. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा येशूने विचारलं, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का? आणि उत्तरही स्वतःच दिलं : नाही. हे वचन पुस्तिकेत घालायला सांगा त्यांना.

केळीपट्टा (रावेर)

ताई, मग फारोचं काय, इस्राएल लोकांना गुलामीतून न सोडणाऱ्या त्या मिसरच्या राजाचं? देवच म्हणतो की मी त्याचं मन कठीण करीन, आणि मग कठीण मनाबद्दल त्यालाच झोडपतो. इथे कुठलं ‘वेतन’? इथे तर कामही मालकाने करून घेतलं.

नवापूरची ताई

खरी अडचण इथेच आहे, आणि ती मी झाकणार नाही. फारोची गोष्ट ज्यात आहे ते निर्गम हे पुस्तक नीट वाचलं तर देवाने मिसरवर आणलेल्या दहा पीडांपैकी पहिल्या पाचांपर्यंत फारो आपलं मन आपणच कठीण करतो, किंवा ते ‘कठीण झालं’ एवढंच येतं. ‘परमेश्वराने कठीण केले’ असं घडताना दिसतं ते सहाव्या पीडेला, गळवांच्या वेळी. देवाने ते आधीच सांगून ठेवलं होतं हे खरं, पण क्रम पाहण्यासारखा आहे. हिब्रूत तिथे एकच शब्द नाही. एक क्रियापद ‘जड करणं’ या अर्थाचं आहे, दुसरं ‘बळकट करणं’ या अर्थाचं. दुसऱ्यावर काही अभ्यासक बोट ठेवतात : पीडांनी खचलेल्या फारोला देवाने स्वतःच्या हट्टावर टिकून राहण्याचं बळ दिलं, नाहीतर त्याने निव्वळ भीतीने मान तुकवली असती. म्हणजे त्यांच्या मते देवाने धमकीचा जोर काढून घेतला! बाराव्या शतकातला ज्यू पंडित मायमोनिडीझ वेगळं म्हणतो. पश्चात्तापाची वाट बंद होणं हीच फारोची शिक्षा होती.

पौल मात्र रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात असलं काही समजावत बसत नाही. कुंभाराला माती जाब विचारते का, असा उलट सवाल करतो. तिथे मी दरवेळी अडते.

आणि याच जागेवर चर्च दुभंगलं. माणूस स्वतःच्या इच्छेच्या बळावर चांगलं वागू शकतो म्हणणारा पेलाजियस आणि देवाच्या कृपेशिवाय ते जमत नाही म्हणणारा ऑगस्टीन, यांचा वाद पाचव्या शतकातला. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची मतं नाकारली. १५२४ साली एरॅस्मसने माणसाच्या इच्छेची बाजू घेतली, पुढच्याच वर्षी ल्यूथरने ती इच्छा बांधलेली आहे असं ठणकावलं. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिकांकडून सांगितलं की पापाने इच्छा दुबळी झाली, विझली नाही. प्रोटेस्टंटांमध्येही एकमत कुठे? १६१८–१९ची डॉर्टची सभा कॅल्व्हिन (कुणाचं तारण व्हायचं हे देवच ठरवतो) आणि आर्मिनियस (माणूस कृपा नाकारू शकतो) यांच्या अनुयायांच्या भांडणातूनच भरली. पश्चिम खानदेशात मिशनरी आले ते बहुतेक प्रोटेस्टंट, म्हणून आमच्याकडे ‘निवड कर’ आणि ‘सगळी कृपाच’ ही दोन्ही वाक्यं एकाच उपदेशात येतात आणि कुणाला खटकत नाही.

भाषामास्तर (अमळनेर)

ताई, ‘स्वाधीन’बद्दल तुम्ही सगळं बोलून टाकलंत, मला काही ठेवलं नाही.

फळ कोण देतं हा प्रश्न आपल्याकडेही तुंबळ वादाचा आहे, आणि तो इथे उपयोगी पडेल. ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात मीमांसक जैमिनीचं मत दिलंय की धर्मच, म्हणजे कर्मच, आपलं फळ देतं. ब्रह्मसूत्रांचे कर्ते बादरायण म्हणतात, नाही, फळ ईश्वराकडून येतं. म्हणजे ‘शिक्षा होते’ हा जैमिनीचा पक्ष आणि ‘देव शिक्षा करतो’ हा बादरायणांचा. आमच्या गावात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तिथे अद्वैतावर विचार करायला माणसं येऊन राहत. जीव आणि ईश्वर शेवटी एकच ठरले की कोण कुणाला शिक्षा करतो हा प्रश्न पातळ होतो. ख्रिस्ती विचारात देव आणि माणूस शेवटपर्यंत दोन राहतात, म्हणून तिथे तो घट्ट राहतो.

आता क्रियापदं. ‘शिक्षा करणे’त कर्ता समोर उभा असतो. ‘शिक्षा देणे’ हे हल्ली फार चालतं. त्यात देणाऱ्याला थोडं न्यायाधीशाचं अंतर मिळतं. ‘ठोठावणे’ कोर्टाचं. ‘शिक्षा होणे’त कर्ता गायब. आणि ‘भोगणे’ हे तर आपलं खास क्रियापद. शिक्षा भोगतात, फळही भोगतात, सुखही भोगतात. तिथे वाक्य भोगणाऱ्याच्या बाजूने उभं राहतं. पुस्तिकेत दोन क्रियापदं लागतील, एकाने भागणार नाही. परिणामासाठी ‘भोगणे’, आणि वळण लावण्यासाठी ‘शिक्षा करणे’. ‘कोप’ मात्र टाळा. तो दुष्काळाला आणि साथीला इतकी वर्षं चिकटलाय की ताईंच्या बुरुजाखाली मेलेले अठराजण पुन्हा दोषी ठरतील.

जिभाऊ (साक्री)

मास्तर, दोन क्रियापदं चालतील. पण देवाचं नाव वाक्यातून काढू नका. नाहीतर पोरं म्हणतील, सगळं आपोआपच होतं तर प्रार्थना कशाला करायची?

प्रूफवाला (नंदुरबार)

असं पाठवतो आहे : ‘देवाने माणसाला निवड करण्याची कुवत दिली आहे. वाईट निवडले तर त्याचे परिणाम माणसाला भोगावे लागतात. देव त्याला वळणावर आणण्यासाठी शिक्षाही करतो, पण प्रत्येक दुःख ही शिक्षा नसते.’ शेवटचा तुकडा ताईंच्या लूकवरून. सार्वकालिक शिक्षेचं वचन पुढच्या पानावर आहे, ते मूळ बायबलप्रमाणेच राहील. वचनाला हात लावणं प्रूफवाल्याचं काम नाही. कंपोजिंगच्या मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, “कुवत ठीक आहे, पण फारोचं अजून पटत नाही.”

नवापूरची ताई

त्याला सांगा, पौललाही त्याने तेच विचारलं असतं. आणि ‘वळणावर’ ऐवजी ‘मार्गावर’ करा हो. वळणावर आणून सोडलं म्हणजे पोरं रस्ताच चुकतील.