अनोळखी माणसाचा हात धरणं ही कला?

पेठकर: रविवारी डेक्कनजवळ एका छोट्या प्रदर्शनाला गेलो होतो. अंधारी खोली, दोन तांब्याच्या पट्ट्या. एकीवर आपला तळवा, दुसरीवर समोरच्या अनोळखी माणसाचा. मोकळे हात एकमेकांना टेकले की सर्किट पूर्ण होतं आणि तंबोऱ्यासारखा सूर लागतो. घट्ट धरलं की सूर चढतो. माझ्यासमोर सत्तरीचे एक आजोबा होते. आधी दोघंही ओशाळून हसलो, मग त्यांनी हात सोडलाच नाही. माझे 200 रुपये वसूल. तुम्हाला काय वाटतं?

खवट_सदाशिव: सकाळी नऊला स्वारगेटहून हडपसरची बस धरा. याहून स्वस्तात याहून जास्त स्पर्श.

मृण्मयी_क: बसमध्ये कोपर पुढे काढून उभं राहावं लागत नाही, त्यालाच हा विनोद सुचतो. असो. पेठकर, नको म्हणायची सोय होती का? स्वतःचं शरीरच कलेचं माध्यम करणाऱ्या मरिना अब्रामोविच या कलावतीनं 1974 मध्ये नेपल्सला 'रिदम 0' नावाचा प्रयोग केला. टेबलावर 72 वस्तू, सहा तास, माझ्यावर काहीही वापरा. गुलाब होता तशी कात्री होती, पिस्तूल आणि गोळीसुद्धा. लोकांनी तिचे कपडे कापले, कातडीवर जखमा केल्या, पिस्तूलही रोखलं. कलादालनात हौसेनं आलेलीच मंडळी ती.

पेठकर: तीच बाई 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या मोमात, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, 700 हून जास्त तास नुसती खुर्चीवर बसली, समोर येईल त्याच्या डोळ्यांत बघत. कितीतरी लोक रडले.

मृण्मयी_क: म्हणजे हात न लावता! माझंच म्हणणं मांडलंत की.

दिवेघाट: मी दरवर्षी पालखीबरोबर पुणे ते सासवड चालतो. कोण कुठला माणूस 'माउली' म्हणून पाया पडतो, आपणही त्याच्या पडतो. घामाघूम उराभेट होते. परवानगी कुणी विचारत नाही आणि किळसही वाटत नाही, कारण वारीत पाऊल टाकतानाच रीत ठाऊक असते. तिकीट काढून अंधारात शिरणाऱ्याला ती कोण सांगणार? मुलीला एकटीला मी तरी पाठवणार नाही.

पेठकर: 'हात केव्हाही काढून घ्या' अशी पाटी होती हो. पण आत, अंधारात. बाहेर पडताना दिसली.

खवट_सदाशिव: पुण्यात पाटी लावली आणि ती वाचता आली नाही! हे मात्र खरंच नवीन काहीतरी. येतो बघायला.