मदत हवी आहे: कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड नक्की कोणत्या वर्षी स्वतंत्र झाले? आणि १९४७ ते ५० मधला भारत?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात २६ जानेवारीसाठी एक मोठा तक्ता करतेय. विषय: ब्रिटिश साम्राज्यातला कोणता देश कधी मोकळा झाला. घाना १९५७, केनिया १९६३ असे रकाने पटापट भरले. अडलंय ते डोमिनियनांपाशी, म्हणजे स्वतःचं सरकार असलेल्या पण ब्रिटिश राजाला मानणाऱ्या देशांपाशी: कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड. १५ ऑगस्ट १९४७ ते २५ जानेवारी १९५० या काळातला भारतही कायद्याने त्याच पंगतीत बसतो, आणि त्या रकान्यात मला कसलीच ढिलाई नकोय. '१९४७ला स्वातंत्र्य मिळालंच नाही, नुसतं डोमिनियन मिळालं, ९९ वर्षांचा भाडेपट्टा आहे' असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरत असतो. वाचनालयात येणारी कॉलेजची मुलं तो दाखवून विचारतात, खरंय का हो? 'नाही' एवढं सांगून भागत नाही, का नाही तेही सांगावं लागतं.

आतापर्यंत जमवलेलं मांडते, म्हणजे तुम्हाला पुढचं सांगणं सोपं जाईल.

कॅनडाचा राष्ट्रीय दिन १ जुलै, साल १८६७. त्या दिवशी चार प्रांतांचं संघराज्य झालं, स्वतःची संसद, स्वतःचा पंतप्रधान. पण ४ ऑगस्ट १९१४ला लंडनने जर्मनीशी युद्ध पुकारलं आणि कॅनडा आपोआप युद्धात गेला. किती सैन्य द्यायचं एवढंच ओटावाच्या, म्हणजे कॅनडा सरकारच्या हातात होतं. ज्या देशाला युद्धात पडायचं की नाही हे ठरवता येत नाही, त्याच्यापुढे 'स्वतंत्र' लिहायला माझा हात धजत नाही.

मग १९१९. पहिलं महायुद्ध मिटवणाऱ्या व्हर्सायच्या तहावर डोमिनियनांच्या वेगळ्या सह्या झाल्या, तेव्हाच्या राष्ट्रसंघात (लीग ऑफ नेशन्स) वेगळ्या जागा मिळाल्या. पण त्याच तहावर भारताच्या नावाने ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्याही सह्या आहेत, आणि तेव्हा आपल्याकडे रौलट कायदा लागू होता आणि जालियनवाला बागेचं हत्याकांड नुकतंच झालं होतं. तेव्हा नुसत्या सहीवरूनही काही ठरत नाही.

मला सगळ्यात आवडलेली घटना १९२३ची आहे. कॅनडा आणि अमेरिका यांच्यात हॅलिबट नावाच्या माशाबद्दल करार व्हायचा होता: उत्तर पॅसिफिकमध्ये हिवाळ्यात काही महिने हा मासा धरायचा नाही. तोवरची रीत अशी, की साम्राज्यातल्या कुणाचाही परक्या देशाशी करार झाला की त्यावर ब्रिटिश राजदूताची सही हवीच. कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग अडून बसले. मासे आमचे, शेजारी आमचा, सही आमचीच. २ मार्च १९२३ला वॉशिंग्टनमध्ये कॅनडाच्या वतीने मंत्री अर्नेस्ट लापॉइंट यांनी एकट्याने सही केली. आधीच्या वर्षी तुर्कस्तानातल्या चानाकच्या पेचात लंडनने सैन्य मागितलं, तेव्हा 'आमच्या संसदेला विचारू' असं याच किंग यांनी कळवलं होतं.

त्यानंतर १९२६ची बाल्फोर घोषणा: ब्रिटन आणि डोमिनियनं दर्जाने समान, कुणी कुणाच्या हाताखाली नाही. ती कायद्यात उतरली ११ डिसेंबर १९३१ला, वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने. १९३९मध्ये फरक लख्ख दिसतो. ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारलं. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान मेंझीस यांनी त्याच दिवशी रेडिओवरून सांगितलं की ब्रिटन युद्धात आहे, परिणामी आपणही आहोत. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत मतदान झालं, ८० विरुद्ध ६७, आणि तटस्थ राहू म्हणणाऱ्या हर्ट्झॉग यांचं सरकार गेलं. कॅनडाने संसद बोलावली आणि १० सप्टेंबरला वेगळं युद्ध पुकारलं. आयर्लंड अखेरपर्यंत तटस्थ राहिलं. चारही डोमिनियनच, चार तऱ्हा.

मग १९३१ लिहून मोकळं व्हावं, तर १९८२ आडवं येतं. कॅनडाच्या राज्यघटनेत मोठा बदल करायचा तर तोपर्यंत लंडनच्या संसदेतच कायदा करावा लागे.

माझे प्रश्न:

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्यापुढे कोणतं साल लिहू? न्यूफाउंडलंड डोमिनियन होतं आणि आज कॅनडाचा प्रांत आहे, हे कसं घडलं आणि तक्त्यात ते कुठे बसवू? आणि मुख्य म्हणजे, १९४७चा भारत आणि १९३१चा कॅनडा यांचा दर्जा एकच होता का?

---

टिपणवही:

ताई, तक्त्याला 'स्वातंत्र्याचं साल' असा एकच रकाना ठेवलात तर हे देश त्यात बसणारच नाहीत. त्यांच्याकडे १५ ऑगस्टसारखी एक रात्र नव्हती. एकेक अधिकार सुटत गेला. मी तुमच्या जागी असतो तर प्रत्येक देशाला एकच प्रश्न विचारला असता: लंडनचा कायदा लंडनला न विचारता रद्द करता येतो का, आणि कधीपासून?

१८६५च्या एका कायद्यानुसार वसाहतीचा कायदा ब्रिटिश संसदेच्या कायद्याशी विसंगत असेल तर तेवढ्यापुरता रद्दबातल. १९३१च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने ही गाठ सोडली, पण एक मेख ठेवली: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि न्यूफाउंडलंड यांनी तो कायदा स्वतःच्या संसदेत स्वीकारला तरच तो त्यांना लागू. ऑस्ट्रेलियाने थेट १९४२मध्ये स्वीकारला, ३ सप्टेंबर १९३९पासून मागे लागू करून. जपानी सैन्य दाराशी आलेलं हे तर खरंच, पण कारणांत एक लहान प्रकरणही होतं. 'ऑस्ट्रेलिया' नावाच्या त्यांच्याच युद्धनौकेवर खून झाला. दोन खलाशांना ब्रिटिश नौदल कायद्याखाली फाशीची शिक्षा झाली, आणि ती कमी करणं कॅनबेराच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया सरकारच्या हातात नव्हतं, राजाकडे विनंती करावी लागली. आपलं जहाज, आपली माणसं, आणि शिक्षा माफ करायला लंडन.

न्यूझीलंडने १९४७मध्ये स्वीकारला. त्यांना घाईच नव्हती. बाजारपेठ आणि संरक्षण दोन्ही ब्रिटनकडे होतं. म्हणजे दार उघडं असून १६ वर्षं ते उंबऱ्याच्या आतच थांबले. तक्त्यात हे जरूर लिहा. आपल्याकडे लोकांना वाटतं की प्रत्येक वसाहत बेड्या तोडायला उतावीळ होती.

कॅनडाचं १९८२ हे लंडनच्या अडवणुकीने झालेलं नाही. १९३१ला केंद्र आणि प्रांत यांचं घटनादुरुस्तीच्या रीतीवर एकमत होईना, म्हणून त्यांनीच तेवढा अधिकार लंडनकडे राहू द्या म्हणून सांगितलं. ते भिजत घोंगडं पन्नास वर्षं राहिलं. १७ एप्रिल १९८२ला ओटावात राणीने नव्या घटनेच्या घोषणापत्रावर सही केली तेव्हाही क्वेबेक सरकारची संमती नव्हतीच. ऑस्ट्रेलियाचे शेवटचे धागे ३ मार्च १९८६ला तुटले. तोवर तिथल्या राज्यांच्या न्यायालयांतून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाकडे अपील जात असे.

---

रानजाई:

न्यूफाउंडलंडबद्दल. हे वाचून मला नेहमी वाईट वाटतं. पहिल्या महायुद्धाचं कर्ज, रेल्वेचं कर्ज, त्यात मंदीत सुक्या माशाचा भाव पडला. सरकारी उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त भाग व्याजात जायला लागला. एप्रिल १९३२मध्ये राजधानी सेंट जॉन्सला चिडलेला जमाव विधानभवनावर चालून गेला. शेवटी संसदेने स्वतःच कारभार सोडला आणि फेब्रुवारी १९३४पासून गव्हर्नर आणि सहा आयुक्तांचं मंडळ राज्य करू लागलं, तीन तिथले, तीन ब्रिटनचे. निवडणुका बंद. १९४८मध्ये दोनदा सार्वमत झालं. पहिल्या फेरीत पूर्वीचं स्वतःचं सरकार परत हवं म्हणणारे पुढे होते, पण निम्म्याला पोचले नाहीत. दुसऱ्या फेरीत सुमारे ५२ टक्के कॅनडाकडे झुकले. ३१ मार्च १९४९ला न्यूफाउंडलंड कॅनडात गेलं. या देशाला 'स्वतंत्र' रकान्यात काहीच लिहिता येणार नाही, पण वगळू नका.

---

टिपणवही:

आता भारत. दर्जाचं नाव एक, पण १९४७चा कायदा १९३१पेक्षा पुढे गेलेला होता. १९३१च्या चौथ्या कलमात ब्रिटिश संसदेला डोमिनियनसाठी कायदा करता येत होता, त्यांनी मागणी केली आणि संमती दिली तर. १९४७च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याचं सहावं कलम उलट बाजूने चालतं: यापुढे लंडनचा कोणताही कायदा भारतात लागू होणार नाही, भारताच्या विधिमंडळाने स्वतः कायदा करून तो लागू केला तरच. शिवाय ब्रिटिश संसदेचा कोणताही कायदा, हा १९४७चा धरून, बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार भारताला पहिल्या दिवसापासून. कॅनडाला जे १९८२मध्ये मिळालं ते आपल्याकडे १५ ऑगस्टलाच होतं.

तो अधिकार आपण वापरलाही. राज्यघटनेचं कलम ३९५ मुलांना उघडून दाखवा, चार ओळींचं आहे. त्यात १९४७चा स्वातंत्र्य कायदा आणि १९३५चा कायदा दोन्ही रद्द केले आहेत. भाडेपट्टा म्हणणाऱ्यांना विचारा, ज्या कागदाने 'पट्टा' दिला म्हणता तो कागदच भाडेकरूने रद्द केला आणि मालक गप्प बसला, हे कसं? आणि १९४७चा कायदा ब्रिटिश संसदेने जाहीरपणे संमत केलेला आहे. मुदतीचा शब्द त्यात कुठेही नाही.

---

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. कलम ३९५ मोठ्या अक्षरात तक्त्याच्या मधोमध लावणार. एक शंका राहिली. मुलं विचारतील, मग माउंटबॅटन गव्हर्नर जनरल का राहिले, आणि लष्करप्रमुख ब्रिटिश कसे? आणि १९२९ला लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव केल्यावर पुन्हा डोमिनियन का पत्करलं? आधीच्याच वर्षी नेहरू अहवालाने वसाहतीचं स्वराज्य, म्हणजे डोमिनियनचाच दर्जा मागितला होता, आपले लोकनायक बापूजी अणे त्या समितीत होते, म्हणून इथल्या लोकांना यात जास्त रस आहे.

---

टिपणवही:

गव्हर्नर जनरल राजाच्या नावाने, पण भारतीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने नेमला जाई. माउंटबॅटन राहिले ते आपल्या नेत्यांनी म्हटल्यामुळे; जून १९४८मध्ये राजाजी आले. ब्रिटिश लष्करप्रमुखही भारत सरकारच्या नोकरीत होते. १५ जानेवारी १९४९ला करिअप्पांनी सूत्रं घेतली, आपला लष्कर दिन तोच.

डोमिनियन पत्करलं कारण सत्ता लगेच हातात येत होती. राज्यघटना पुरी व्हायला नोव्हेंबर १९४९ उजाडलं. पंजाब पेटलेला असताना तोवर व्हाइसरॉयच्या कारभारात थांबायचं का, हा तेव्हाचा प्रश्न होता. घटना तयार झाल्यावर ती मंजुरीसाठी गव्हर्नर जनरलकडे गेलीच नाही. संविधान सभेच्या अध्यक्षांच्या, डॉ. राजेंद्रप्रसादांच्या सहीने ती पक्की झाली. याचं मोल कळायचं तर पाकिस्तान पाहा. कायदा तोच, १९४७चा. तिथे गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी १९५४मध्ये संविधान सभाच बरखास्त केली. १९५५मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने निकाल दिला की संविधान सभेच्या कायद्यांनाही गव्हर्नर जनरलची संमती हवीच, आणि ती न घेता केलेले कायदे एका फटक्यात लटकले.

---

धागाकर्ती:

म्हणजे पाकिस्तानचा वेगळा चौकोन लागणार. ठरलं. 'स्वातंत्र्याचं साल' हा रकाना काढते. प्रत्येक देशाची आडवी पट्टी, तिच्यावर सालं: कॅनडा १८६७, १९२३, १९३१, १९८२, ऑस्ट्रेलिया १९०१, १९४२, १९८६, न्यूझीलंड १९०७, १९४७. भारताच्या पट्टीवर दोनच: १९४७ आणि १९५०. प्रजासत्ताक कोण कधी झालं याला वेगळा रंग देतेय: आयर्लंड १८ एप्रिल १९४९, पाकिस्तान २३ मार्च १९५६, दक्षिण आफ्रिका ३१ मे १९६१. सिलोन राहिलंय, तारीख सांगाल का?

---

रानजाई:

४ फेब्रुवारी १९४८ला डोमिनियन, २२ मे १९७२ला प्रजासत्ताक, नाव श्रीलंका.