प्रतिसाद: ट्रस्ट कंपनी आणि धर्मादाय संस्था
ट्रस्ट कंपनी म्हणजे धर्मादाय संस्थाच का, असे वर विचारले आहे. धर्मादाय संस्था 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवल्या जातात, तर ट्रस्ट कंपनी शुल्क घेऊन दुसऱ्याच्या मालमत्तेची विश्वस्त होते. गिरगावातील आमच्या शेजाऱ्यांनी दिव्यांग मुलासाठी खासगी न्यास (म्हणजे ट्रस्ट) केला, तेव्हा पुतण्याला विश्वस्त केले आणि तो उद्या परदेशी गेला तर काय, या विचाराने त्यांनी अशी कंपनी नेमली. औषधांचे बिल आणि मदतनिसाचा पगार आता तीच दरमहा चुकता करते. (शुल्काचा आकडा ऐकून माझे मात्र डोळे पांढरे झाले!) कर्जरोख्यांच्या (कंपनी लोकांकडून कर्ज घेताना देते त्या रोख्यांच्या) बाबतीतही असा विश्वस्त असतो: सेबीकडे, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामकाकडे, नोंदलेला हा विश्वस्त तारण सांभाळतो आणि रोखे काढणाऱ्या कंपनीने पैसे थकवल्यास सर्व रोखेधारकांच्या वतीने वसुलीची कारवाई करतो.