चर्चा: तेरा-चौदा वर्षं जुना प्रोसेसर ४.४ गिगाहर्ट्झवर पळवणं, शहाणपणा की हौस?

जुनीपेटी (नागपूर)
मंडळी, घरात २०११ चा इंटेलचा आय५-२५००के प्रोसेसर आहे. झेड६८ चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी डीडीआर३, टॉवर हीटसिंक. मूळ वेग ३.३. पुतण्याच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी डिसेंबरात गुणक (१०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला ज्यानं गुणायचं तो आकडा) ४४ केला, व्होल्टेज १.३० वर बांधलं. तासभर प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवलं, कोअर ६८ अंशांवर थांबले. दीड महिन्यात एकदाही निळा पडदा नाही.

माझं मत सरळ आहे. ‘के’ची, म्हणजे गुणक मोकळा असलेली चिप मूळ वेगावर वापरणं म्हणजे ऊस चरकातून एकदाच काढून फेकून देणं. रस अजून शिल्लक आहे. कोणाला पटत नसेल तर बोला.

थंडडोकं
नाही पटत. रस फुकट निघत नाही, भाऊ. चिप खाते ती वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. चारही कोअर कामाला लागले की मूळ चिप आपणहून ‘टर्बो’नं ३.४ वर चालते. तिचं व्होल्टेज १.२ धरू. ३.४ चे ४.४ म्हणजे वेग ३० टक्के जास्त. व्होल्टेजचा वर्ग धरला की वीज दीडपट. कागदावर ९५ वॉटची असलेली ही चिप मग किती तापेल?

शिवाय चाचणी डिसेंबरातली. खोली तेव्हा २२ अंश असेल. मे महिन्यात नागपुरात खोलीच ३८ वर जाते, आणि खोली जितकी वाढते जवळपास तितकाच कोअर वाढतो. म्हणजे ६८ चे ८४. बरं, आपल्याकडचा डेझर्ट कूलर! त्याची दमट हवा आणि धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांवर जो लेप बसतो, तो तुम्ही पाहिलाच असेल.

गुणक४५
थंडडोकं, गणित बरोबर, पण भीती जास्त घातलीत. या चिपची स्वतःची मर्यादा ९८ अंश आहे, तिथे पोचली की ती आपणहून वेग कमी करते. आणि चिपवरच्या धातूच्या झाकणाखाली सोल्डर आहे, पुढच्या पिढीतल्या ३५७०के सारखी पेस्ट नाही, त्यामुळे उष्णता बाहेर चांगली येते. ८० च्या आत ठेवा आणि निवांत राहा.

खरी चूक वेगळीच असते. एक, लोक ‘ऑटो’ व्होल्टेज ठेवतात आणि बोर्ड गरज नसताना १.४ देऊन बसतो. दोन, १०० मेगाहर्ट्झचं बेस क्लॉक वाढवायला जातात. या पिढीत पीसीआय एक्सप्रेस आणि साटा त्याच घड्याळावर नाचतात. १०५-१०६ च्या पुढे गेलात की हार्ड डिस्कवरचा डेटा धोक्यात. हात लावायचा तो फक्त गुणकाला, एकेक पायरी वर. आणि व्होल्टेज बांधून न ठेवता ऑफसेट (चिप मागेल त्यापेक्षा ठरावीक कमी-जास्त) द्या, म्हणजे मशीन रिकामं असताना चिप १.६ गिगाहर्ट्झवर उतरून कमी व्होल्टेजवर झोपेल.

सोल्डरवाला (कोल्हापूर)
भावांनो, पंधरा वर्षं दुरुस्ती करतोय. ओव्हरक्लॉकनं (मूळ वेगापेक्षा जास्त पळवल्यानं) मेलेला प्रोसेसर माझ्या टेबलावर दोनदाच आला. मेलेले एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि फुगलेले कपॅसिटर मात्र मोजत नाही आता. एकदा एका गिऱ्हाइकाचा डबा आला, लेबलवर ५०० वॉट, उचलला तर पिसागत हलका. आत तांबं असतंय कुठं! त्यावर चिप दीडपट वीज ओढायला लागली की आधी डबा जातोय, आणि जाताना कधीकधी बोर्डाला घेऊन जातोय. तुम्ही सगळे चिपचं तापमान बघताय. बोर्डावरच्या व्हीआरएमवर (चिपला व्होल्टेज देणारा भाग) हात कोण ठेवणार? बोर्डही चौदा वर्षांचाच आहे की.

थंडडोकं
हे मान्य. आणखी एक, गुणक४५ यांनी सोडलेलं. निळा पडदा आला नाही म्हणजे हिशेब बरोबर आला असं नाही. चिप किंचित अस्थिर असेल तर एखादा बिट चुकतो, मशीन चालूच राहतं आणि रेंडर झालेल्या फाइलमध्ये एका फ्रेमवर हिरवा पट्टा येतो. दोष सॉफ्टवेअरला जातो. जुनीपेटी, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया-लॉगर’च्या (हार्डवेअरच्या चुका टिपणारा भाग) नोंदी बघा. चिपनं स्वतः चूक पकडून दुरुस्त केली असेल तर तिथे १९ क्रमांकाची नोंद पडते.

(आणि जुनी हार्ड डिस्कच असेल तर आधी एसएसडी टाका. मशीन जास्त चपळ वाटेल, तेही न तापता.)

जुनीपेटी (नागपूर)
एसएसडी केव्हाच टाकलीय, तो टोमणा वाया गेला.

पण नोंदी बघितल्या. १९ क्रमांकाच्या तीन. तिन्ही पुतण्याचं रेंडर चालू असतानाच्या. एक तास प्राइम९५ चालवून मी खुशाल ‘स्थिर’ म्हणत होतो! गुणक ४२ वर आणलाय, व्होल्टेज ऑफसेटवर. आता रात्रभर चाचणी लावतो, आणि एप्रिलमध्ये पुन्हा एकदा. ३.३ वर मात्र परत जाणार नाही, हे थंडडोकं यांनी लिहून घ्यावं.

थंडडोकं
लिहून घेतलं. मे महिन्यात विचारतो.

सोल्डरवाला (कोल्हापूर)
ते राहू दे भावा. एसएमपीएसच्या लेबलचा फोटो टाक आधी. १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर लिहिलंय ते बघू.